पाचवे कारण आणि मागचा आस

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात राजधर्माचे विवेचन चालू असताना दैव आणि पुरुषकार यांच्या संबंधाविषयी रथाचा एक दृष्टान्त येतो. एका चाकावर रथ चालत नाही, तसे माणसाच्या प्रयत्नावाचून दैव फळाला येत नाही, असा त्याचा आशय आहे. पुरुषकार म्हणजे माणसाने समजून-उमजून केलेला प्रयत्न, आणि दैव म्हणजे त्या प्रयत्नाच्या आवाक्याबाहेर राहूनही त्याचे फळ ठरवणारे जे काही असेल ते सर्व. हा दृष्टान्त पुढे हितोपदेशातही आला आणि सुभाषितांच्या वाटेने घरोघर पोचला. परंतु ही दोन चाके जोडणाऱ्या आसाचा उल्लेख त्यात नाही, आणि विचार करू लागल्यास अडचण नेमकी तेथेच उभी राहते. आस सुताराने पारखून घेतलेल्या लाकडाचा असतो, मापाने तासलेला असतो, त्याला वेळोवेळी वंगण दिलेले असते, म्हणून तो प्रयत्नाच्या बाजूचा म्हणावा. पण त्या लाकडाच्या पोटात चीर कोठे आणि केव्हा जाईल हे सुतारालाही दिसत नाही, म्हणून तो दैवाच्याही बाजूचा ठरतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात दीर्घतमस् ऋषी विश्वचक्राचे वर्णन करताना, पुष्कळ भार वाहूनही त्या चक्राचा आस तापत नाही आणि पुरातन काळापासून तो मोडलेला नाही, असे सांगतो. न तापणे आणि न मोडणे ही अलौकिकाची खूण म्हणून सांगितली जाते, यावरूनच लौकिक आस तापतो आणि मोडतो हा अनुभव त्या काळी किती रोजचा होता हे कळते.

दैव-पुरुषकाराचा वाद ग्रंथांत बहुधा राज्य, शेती, युद्ध आणि मोक्ष यांच्या संदर्भात चालतो. तो आसाच्या संदर्भात तपासायचा, तर आजच्या काळात त्याला योग्य जागा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात सापडते. वस्ती, इंधन आणि दुरुस्तीची सोय यांपासून शेकडो किलोमीटर दूर, पाणी आणि पेट्रोल बरोबर घेऊन दिवसेंदिवस करायचा मोटारप्रवास ही तेथे रुळलेली प्रथा आहे, आणि त्यासाठी थोराड टोयोटा गाड्यांबरोबर सुझुकीची जिम्नीसारखी लहान फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी गाडीही नेली जाते. १९७० साली जपानमध्ये निघालेल्या या गाडीच्या पिढ्या बदलल्या, पानपट्ट्यांच्या कमानींच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, पण पुढे आणि मागे अखंड आस ठेवण्याची पद्धत २०१८ साली आलेल्या चौथ्या पिढीपर्यंत टिकली. १९८५ पासून भारतात बनलेली आणि आपल्याकडील वाचकांच्या चांगल्या परिचयाची मारुती जिप्सी याच कुळातली. आणि पाच दारांची जिम्नी गुरुग्रामला तयार होऊन ऑस्ट्रेलियात जाते.

या गाडीचा मागचा आस, ज्याला गॅरेजमध्ये ॲक्सल म्हणतात, तो बाहेरून एक पोलादी नळी असतो. मध्यभागी डिफरन्शियलचा फुगवटा असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेचक्रांची जुळणी त्यात बसवलेली असते. तेथून नळीच्या आतून दोन शाफ्ट, म्हणजे पिळाचे बळ वाहून नेणारे भरीव दांडे, चाकांपर्यंत जातात. या लहान गाडीतील रचनेला सेमी-फ्लोटिंग म्हणतात, कारण तीत शाफ्टवर दोन कामे पडतात: चाक फिरवणे हे एक, आणि गाडीचा त्या चाकावर येणारा भार आपल्या बाहेरच्या टोकावर झेलणे हे दुसरे. पीळ आणि वाक हे दोन्ही ताण एकाच दांड्यात एकत्र येतात. रस्ता डांबरी असेल आणि भार ठरलेल्या मर्यादेत असेल, तोवर दांडा हे काम वर्षानुवर्षे निमूट करतो. वाळूचे उंचवटे, पन्हळी पडलेले कच्चे रस्ते आणि मर्यादेबाहेरचे सामान हे तिन्ही एकत्र आले, की मागच्या आसात बदल करण्याचा विचार सुरू होतो, आणि त्याच वेळी तत्त्वज्ञानाचा प्रश्नही सुरू होतो: माणसाने आस बळकट केला म्हणजे दैवाचा वाटा तेवढा कमी झाला काय?

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. कर्म जेथे घडते ते अधिष्ठान, ते करणारा कर्ता, त्याची निरनिराळी साधने म्हणजे करण, त्या साधनांचे निरनिराळे व्यापार म्हणजे चेष्टा, आणि पाचवे दैव. वाळवंट पार करण्याच्या कर्माला ही मांडणी लावली, तर आस हे करण आहे, तो बदलणे ही चेष्टा आहे, आणि पाचवे कारण अद्याप शिल्लक आहे. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात, जे मंडालेच्या तुरुंगात लिहून झाल्यावर १९१५ साली प्रसिद्ध झाले, या दैवाचा अर्थ फार स्वच्छ केला आहे. माणूस असो वा नसो, सृष्टीचे व्यापार आपल्या स्वभावाने चालूच असतात, आणि माणूस ज्याला आपले यश म्हणतो ते त्याचा प्रयत्न व हे व्यापार यांच्या मेळातून निपजते; शेतकऱ्याच्या नांगरणीला जमीन, बी, पाऊस यांची साथ लागते, तसे. या व्यापारांपैकी काही माणसाला ठाऊक असतात, काही नसतात. टिळकांच्या अर्थाचे मोल असे की त्यात दैव ही आकाशातून येणारी लहर राहत नाही. ते सृष्टीतच असते आणि त्याचा काही भाग जाणता येतो. मग ज्ञान वाढले की दैवाची सीमा सरकते, हा निष्कर्ष ओघानेच येतो, जरी तो या शब्दांत तेथे काढलेला नसला तरी.

ही सीमा प्रत्यक्षात कशी सरकली, हे आसाच्याच इतिहासात दिसते. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायच्या बागेतील कारंजी पाहून पॅरिसला परतणाऱ्या लोकांनी भरलेली आगगाडी म्यूदोंजवळ रुळांवरून घसरली, कारण पुढच्या इंजिनाचा आस मोडला होता. मागचे डबे त्यावर चढले, आग लागली, आणि पन्नासहून अधिक माणसे जळून मेली. त्यांत ज्यूल द्युमों द्युरव्हील हा फ्रेंच दर्यावर्दी, त्याची पत्नी आणि मुलगा हे तिघेही होते. दोनच वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फातून जहाजे सुखरूप बाहेर काढणारा आणि तेथील किनाऱ्याला पत्नीचे नाव देणारा हा माणूस एका सुट्टीच्या दिवशी, राजधानीच्या जवळ, आस मोडल्याने गेला. दैव या शब्दाला याहून ठसठशीत उदाहरण मिळणे कठीण. परंतु पुढच्याच वर्षी रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने रेल्वेच्या आसांच्या अनपेक्षित मोडण्याची कारणे मांडली: दांड्याची जाडी जेथे एकदम बदलते त्या खांद्याशी बारीक चीर सुरू होते आणि ती फेऱ्यामागून फेरा आत सरकत जाते, खांद्याला गोलाई दिली तर चीर सुरू होण्यास वाव राहत नाही. पुढील काही दशकांत प्रशियात व्योलर याने रेल्वेच्या आसांवर दीर्घ प्रयोग करून दाखवले की जो भार एकदा दिल्याने पोलादाला काहीच होत नाही, तोच भार लक्षावधी वेळा दिल्याने पोलाद मोडते. धातूची थकवण म्हणून आज ओळखला जाणारा हा व्यापार १८४२ पूर्वीही चालूच होता. तो ठाऊक नव्हता, एवढेच.

ठाऊक झाल्यावर मात्र एक गोष्ट कायमची बदलली. फिरत्या शाफ्टच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. जिम्नीच्या मूळ टायरचा व्यास सुमारे ६९ सेंटिमीटर असतो, म्हणजे चाक एका किलोमीटरला साधारण ४६० फेरे घेते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील विलूना ते हॉल्स क्रीक हा सुमारे १,८५० किलोमीटरचा कॅनिंग स्टॉक रूट पार करताना मागच्या प्रत्येक शाफ्टने साडेआठ लाखांच्या आसपास अशी आवर्तने सोसलेली असतात. हा हिशेब कोणालाही करता येतो. ज्याला तो करता येतो आणि तरीही जो चाके बाहेर काढणाऱ्या रिमा लावून, म्हणजे भाराचा बिंदू बेअरिंगपासून दूर नेऊन शाफ्टचा वाक वाढवतो, त्याला शाफ्ट मोडल्यावर दैवाकडे बोट दाखवण्याचा अधिकार उरत नाही. ज्ञानाने दैवाचा प्रदेश आक्रसतो, पण जो भाग त्यातून सुटतो तो जबाबदारीच्या प्रदेशात येऊन पडतो. मोकळी जमीन मध्ये कोठेच राहत नाही. आपल्याकडे निष्काळजीपणाने ओढवलेल्या अपघातानंतर नशिबाचा उच्चार फार सहज होतो, आणि त्यात शोकाचे सांत्वन असले तरी विचाराची फसगत असते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

मग आस शक्य तितका बळकट करावा हे उत्तर सरळ वाटते. ते सरळ नाही. मूळ डिफरन्शियलची अडचण अशी की एक चाक वाळूत मोकळे फिरू लागले की दुसऱ्यालाही तेवढेच थोडे बळ मिळते आणि गाडी जागीच रुतते. म्हणून डिफ-लॉक बसवतात, जो दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधून टाकतो. गाडी निघते. पण पूर्वी दोन शाफ्टांत समान वाटला जाणारा पीळ आता पकड असलेल्या एकट्या शाफ्टवर येऊ शकतो, म्हणजे चाक मोकळे फिरण्याची जुनी दुर्बळता हीच शाफ्टची ढाल होती. जाड शाफ्ट घातला, तर पुढचा ताण क्राउन आणि पिनियन या मुख्य दातेचक्रांवर जातो. नळी वाकू नये म्हणून तिच्यावर पोलादी पट्टी वेल्ड करतात, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनेच नळी किंचित पिळवटली तर बेअरिंगांच्या बैठका एका रेषेत राहत नाहीत व तेलाची सील गळू लागते. मोठे टायर घेतले, तर जमिनीपासूनची उंची वाढते, पण तेच चाक फिरवायला जास्त पीळ लागतो आणि ब्रेकलाही जास्त काम पडते. प्रत्येक बदल दुर्बळता नाहीशी करत नाही, तिला पुढच्या घरात पाठवतो. आणि पुढचे घर अनेकदा असे असते की तेथील मोड वाळवंटात दुरुस्त होत नाही.

यापेक्षाही मुळाशी जाणारी गोष्ट वजनाची आहे. तीन दारांच्या जिम्नीवर माणसांसह जेमतेम साडेतीनशे किलो भार घालण्याची मुभा असते. दोन प्रौढ माणसांचे दीडशे किलो धरले, माणशी रोज सात लिटर या हिशेबाने दहा दिवसांचे पाणी धरले, तर १४० किलो होतात. चाळीस लिटरच्या मूळ टाकीवर भागत नाही म्हणून साठ लिटर पेट्रोल आणखी घेतले, तर पंचेचाळीस किलो होतात. बेरीज ३३५ वर गेली, आणि अजून अन्न नाही, हत्यारे नाहीत, अंथरूण-पांघरूण नाही, छपरावरचा तंबू तर नाहीच. आस बळकट करण्यासाठी घातलेले पोलादही याच बेरजेत बसते. भार वाढला म्हणून बळकटी, बळकटीने भार, त्या भारासाठी पुन्हा बळकटी, अशी ही साखळी आहे. योगसूत्रांतील यमांपैकी अपरिग्रह, म्हणजे गरजेबाहेरचा साठा न करणे, हा साधारणपणे संन्याशाचा किंवा फार तर सत्त्वशील गृहस्थाचा नियम मानला जातो; येथे तो पोलादाच्या ताकदीचा नियम म्हणून समोर येतो. पुरुषकार म्हटले की भर घालणे, जोडणे, वाढवणे हीच कृती डोळ्यांसमोर येते. काढून टाकणे हाही पुरुषकारच आहे, आणि तो दिसत नाही म्हणून त्याचे श्रेय कोणी देत नाही. मागच्या आसावर करण्याजोगा सर्वांत परिणामकारक बदल बहुतेक वेळा छपरावरचे सामान उतरवणे हा असतो.

तरीही एका बदलाचे तात्त्विक महत्त्व वेगळे आहे. मोठ्या लँड क्रूझरसारख्या गाड्यांत फुल-फ्लोटिंग आस असतो. त्यात गाडीचा भार नळीच्या टोकाला बसवलेल्या स्पिंडलवरील बेअरिंगांनी झेललेला असतो आणि शाफ्टकडे केवळ चाक फिरवण्याचे काम राहते. तो मोडला तरी चाक जागेवर राहते, मोडका दांडा बाहेर ओढून नवा सरकवता येतो, किंवा मागचे चालन सोडून पुढच्या चाकांच्या बळावर हळूहळू बाहेर पडता येते. सेमी-फ्लोटिंग आसात शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला, तर चाकच गाडी सोडून जाते. लहान सुझुकीला फुल-फ्लोटिंग करायचे म्हणजे नवे स्पिंडल, नवे हब, ब्रेकची नवी जुळणी आणि अभियंत्याचे प्रमाणपत्र हे सारे आले, आणि दहांपैकी नऊ प्रवाशांना ते करण्याचे कारण नाही. पण त्यामागचा विचार मोलाचा आहे. येथे शाफ्ट कधीच मोडणार नाही असा दावा नाही. मोडणे गृहीत धरले आहे, आणि मोडल्यावर काय होईल ते आधी ठरवले आहे. व्हर्सायच्या गाडीचा आस मोडणे त्या दिवसापुरते दैव म्हणता येईल, परंतु डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद ठेवलेली होती, आणि ती कुलुपे माणसांनी लावली होती. पुरुषकाराचे खरे क्षेत्र येथे आहे: पाचव्या कारणाला हाकलून लावता येत नाही, पण ते आल्यावर त्याने काय काय न्यावे, याला बांध घालता येतो.

या सगळ्या विवेचनात ‘दुर्गम’ हे विशेषण मात्र तपासून घ्यावे लागते. आल्फ्रेड कॅनिंगने १९०६ साली कॅनिंग स्टॉक रूटच्या ज्या प्रदेशाची पाहणी केली आणि १९०८ ते १९१० या काळात जेथे विहिरी बांधल्या, तो प्रदेश मार्टू आणि इतर आदिवासी समाजांचे घर होता. वाळूखालचे पाणी कोठे हाती लागते हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कॅनिंगच्या तुकडीने त्यांतील माणसांना पकडून, साखळ्यांनी बांधून, पाण्याच्या जागा दाखवायला लावल्या. तुकडीतल्याच स्वयंपाक्याने तक्रार केल्यावर १९०८ साली शाही आयोग बसला, आणि आयोगाने कॅनिंगला दोषमुक्त केले. एकासाठी जे दैव, म्हणजे पाणी लागेल की नाही याची धास्ती, ते दुसऱ्यासाठी रोजचे ज्ञान होते, आणि पहिल्याने ते ज्ञान विनंतीने न मागता साखळीने ओढून घेतले. दैवाची सीमा सरकवण्याच्या प्रत्येक कृतीला पुरुषार्थ म्हणून गौरवायचे असेल, तर ही कृतीही त्यात येते, आणि म्हणूनच तसे गौरवता येत नाही. सीमा सरकवताना कोणाच्या अंगावरून सरकवली, हा प्रश्न प्रयत्नाच्या थोरवीइतकाच मूळचा आहे.

तो आजच्या प्रवाशालाही लागू पडतो. कैकेयीची कथा वाल्मीकींच्या रामायणात घायाळ दशरथाला रणातून बाहेर नेणारी राणी एवढीच आहे. पुराणांनी आणि लोकपरंपरेने तीत रथाचा मोडलेला आस घातला आणि त्या जागी कैकेयीचा हात घातला. दशरथ जिंकला, त्याला ते उशिरा कळले, आणि त्या हाताचे मोल दोन वरांच्या रूपाने पुढे अयोध्येने चुकवले. वाळवंटात आस मोडला की आजही त्या जागी कोणाचा तरी हात जातो. तो मागून येणाऱ्या अनोळखी गाडीवाल्याचा असतो, दूरच्या गुरांच्या फार्मवरील माणसांचा असतो, कधी जॉन फ्लिन यांनी १९२८ साली सुरू केलेल्या विमानातून जाणाऱ्या वैद्यकीय सेवेतील वैमानिकाचा आणि डॉक्टरचा असतो. आपल्या जिवाचा धोका आपण पत्करला आहे, असे म्हणणाऱ्या प्रवाशाने प्रत्यक्षात या सर्वांच्या वतीने तो पत्करलेला असतो, त्यांना न विचारता. म्हणून मागचा आस तपासणे ही स्वतःविषयीची सावधगिरी कमी आणि परक्यांविषयीचे कर्तव्य अधिक आहे.

पाचव्या कारणाच्या अर्थाविषयी भाष्यकारांत एकमत नाही. रामानुजाचार्यांना त्यात अंतर्यामी परमात्मा दिसतो, टिळकांना सृष्टीचे ज्ञात-अज्ञात व्यापार. शंकराचार्यांनी केलेला अर्थ यांहून वेगळा आणि प्रथम वाचताना काहीसा चमत्कारिक वाटणारा आहे: दैव म्हणजे डोळे इत्यादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, ज्यांच्यामुळे डोळ्याला पाहता येते. या अर्थाने दैव प्रयत्नाच्या आड येणारे राहत नाही. प्रयत्नाला पाहण्याची शक्ती देणारे ते होते. लांबच्या प्रवासापूर्वी डिफरन्शियलचे तेल काढतात तेव्हा ड्रेन प्लगवरचे चुंबक पुसून पाहण्याची जी रीत आहे, तिला हा अर्थ नेमका लागतो. चुंबकावर राखाडी, मऊ लेप असेल तर ती दातेचक्रांची साधारण झीज असते. त्या लेपात बोटाला टोचणारा कपचा लागला, तर दाता कोठे तरी सुटू लागलेला असतो. तेल दुधासारखे पांढुरके निघाले, तर नदी ओलांडताना तापलेला आस एकदम थंड होऊन आतल्या हवेच्या आकसण्याने पाणी ओढले गेलेले असते, आणि आसातील हवा आत-बाहेर होऊ देणारी रबरी नळी उंच नेऊन बांधायची राहिलेली असते. हे सर्व दिसावे यासाठी उजेड लागतो, नजर लागते, आणि प्लग उघडण्याची बुद्धी वेळेवर व्हावी लागते. सिम्पसन वाळवंटाच्या अकराशेहून अधिक समांतर टेकड्यांपूर्वी बर्ड्‌सव्हिल हे शेवटचे गाव लागते, आणि तेथे चुंबकावर असा कपचा पाहून जो गाडी पुढे नेत नाही, त्याचा तो निर्णय प्रयत्नात मोजावा की दैवाने दिलेल्या संधीत, हे ठरवण्याची गरज गीतेच्या मांडणीत उरत नाही, कारण तेथे ही दोन्ही एकाच कर्माची कारणे म्हणून शेजारी-शेजारी सांगितली आहेत.